चाळीस रेघा

"झालं," डॉक्टर म्हणाले. "बसला बघा खांदा."

मी पडद्याच्या अलीकडच्या खाटेवर होतो. माझ्या छातीभोवती एक चादर गुंडाळून तिची दोन्ही टोकं एका मदतनिसानं पलीकडून ओढून धरली होती, आणि डॉक्टर माझा उजवा हात मनगटाशी धरून हळूहळू, न झटकता, आपल्याकडे घेत होते. "हात ढिला सोडा काका. माझ्याशी भांडू नका," असं मधूनमधून सांगत होते. मग आत काहीतरी घसरलं आणि जागेवर गेलं. टेबलाचा घट्ट झालेला खण शेवटी एकदाचा आत बसतो तसा आवाज झाला. आणि दुखणं गेलं. कमी झालं असं नाही, गेलंच. माझ्या तोंडून मोठा सुस्कारा निघाला.

त्याच वेळी पडद्यापलीकडून एक बाई म्हणाली, "झालं."

पलीकडच्या खाटेवर माझी बायको होती.

सांगायला लाज वाटते, पण मी ते चांगल्या अर्थानं घेतलं. इकडे झालं म्हणजे मी सुटलो, तर तिकडेही तसंच असेल. मी डॉक्टरांना म्हणालो, "तिचंही झालं का? बरं झालं."

कापसाचा बोळा घेऊन डॉक्टर माझ्या दंडावर बाहेरच्या बाजूनं टेकवत राहिले. "इथं कळतंय? इथं?" मला सगळीकडे कळत होतं. मदतनीस मात्र त्या चादरीची घडी घालायला लागला. त्यानं ती इतकी नीट, कोपऱ्याला कोपरा लावून घातली की मला समजलं. सरकारी दवाखान्यात चादरीची अशी घडी कुणी घालत नाही. त्याला माझ्याकडे बघायचं नव्हतं.

त्या दिवशी सकाळी वर्कशॉपात फोन आला होता, आमच्या खालच्या मजल्यावरच्या वहिनींचा. "भाऊजी, वर काहीतरी जोरात पडलं. मी हाका मारतेय, ही दार उघडत नाही." मी हातातला रंधा टेबलावर तसाच टाकला आणि निघालो. माझ्याजवळच्या किल्लीनं दार उघडलं तर ती स्वयंपाकघरात फरशीवर पडलेली, शेजारी स्टूल आडवं. श्वास चालू होता, डोळे अर्धवट उघडे, पण बोलत नव्हती. दवाखान्याची गाडी आमच्या जिन्यापर्यंत येते, वर तर येत नाही. मी आणि वहिनींचे यजमान, दोघांनी तिला सतरंजीत घेऊन खाली आणलं. शेवटच्या वळणावर माझा पाय पायरीवरून सुटला. उजव्या हातानं मी कठडा धरला, अंग खाली गेलं आणि हात वरच राहिला. खांद्यातून काहीतरी बाहेर आलेलं मला समजलं. पण डाव्या हातातलं सतरंजीचं टोक मी सोडलं नाही. ती खाली टेकली नाही, एवढं मी बघितलं.

दुसऱ्या दिवशी तिला न्यायच्या वेळी माझा खांदा झोळीत होता. तिला खांदा दिला तो जावयानं, वहिनींच्या यजमानांनी आणि वर्कशॉपातल्या दोघांनी. मी मागून चालत होतो.

*

मी सुतार आहे. एकोणसाठ वर्षं वय, त्यातली चाळीसएक या कामात गेली. घराघरांतून कपाटं, पलंग, शाळांची बाकं, दुकानांची काउंटरं केली. बोलायची मला फारशी सवय नाही. खूण दिसली की मी माणसाला विचारत नाही, खुणेवर कापतो.

पण त्यानंतरचे पंधरा-वीस दिवस मी भेटेल त्याला एकच विचारत होतो. तिनं स्टूल का घेतलं?

"बाबा, काढायचं असेल काहीतरी वरचं," लेक म्हणायची. ती मुक्कामाला आली होती. मला शर्ट घालायचा, जेवण वाढायचं, सगळं तिच्याच हातानं. शर्ट घालताना आधी दुखऱ्या हाताची बाही, काढताना ती शेवटी, हे तिला दवाखान्यात शिकवलं होतं.

"पण तिचा हात पोचायचा फळीला."

"एखादा डबा मागे सरकला असेल."

"मागे सरकला तरी पोचायचा. ही बघ ना रेघ."

"बाबा, पुरे आता. भात गार होतोय."

ती रेघ म्हणजे काय, ते सांगायला हवं.

आठ वर्षांपूर्वी बायकोचाही खांदा निखळला होता. तोही उजवाच. ओल्या जिन्यावर पाय घसरला आणि ती हातावर पडली. दवाखान्यात बसवला, तीन आठवडे झोळी होती. झोळी निघाली तेव्हा हात छातीच्या वर जाईना. तिथल्या लोकांनी व्यायाम सांगितला. भिंतीसमोर उभं राहायचं, बोटं भिंतीवर ठेवायची आणि कोळी चढतो तशी एकेक बोट वर न्यायची. जिथं थांबतील तिथं खूण करायची. उद्या त्याच्या वर जायचं.

खूण करायची म्हटल्यावर ते काम माझंच झालं. स्वयंपाकघरात दाराशेजारी भिंतीचा एक पट्टा मी निवडला. आधी तिचा चांगला हात, म्हणजे डावा, पुरा वर करायला लावून त्याच्या बोटांच्या टोकाशी सगळ्यात वरची रेघ मारली. ती पुरी रेघ. उजवा तिथं पोचला की काम संपलं. मग रोज सकाळी कामाला जायच्या आधी मी तिला भिंतीशी उभं करायचो, आणि ती थांबली की तिचं मनगट धरून हात आणखी थोडा वर ढकलायचो.

"अजून एक बोट," मी म्हणायचो.

"अहो, लाकडाला रंधा मारताय का? माणूस आहे मी."

"अगं, आत्ता सोडलं तर सांधा धरेल."

"धरू दे. मला काय झाडावर चढायचंय?"

हसत बोलायची, पण डोळ्यांतून पाणी यायचं. मग माझा हात सैल पडायचा आणि दिवसभर मला काम सुचायचं नाही. अशा अकरा रेघा झाल्या. मग मला परगावी एका शाळेची बाकं बसवायला जावं लागलं, चाळीस दिवसांसाठी. जाताना मी तिला पेन्सिल दिली आणि म्हणालो, "रोज एक रेघ. पुरी झाली नाही तर मी काम टाकून परत येईन."

तिथून रोज संध्याकाळी फोन. "आज किती?"

"एक चढली."

"दुखतंय?"

"चढतेय म्हटलं ना."

परत आलो तर भिंतीवर चाळीस नव्या रेघा, आणि चाळिसावी बरोबर पुऱ्या रेघेवर. मी हरखून गेलो. तिला केव्हापासूनची स्वयंपाकघरात एक फळी हवी होती आणि मी आज-उद्या करत होतो. त्याच रविवारी मी सागाची फळी घरी आणली, कडा गोल केल्या, आणि पुऱ्या रेघेच्या चार बोटं खाली माप घेऊन लावली. म्हणजे टाचा न उचलता तिचे दोन्ही हात सहज पोचावेत. लावून झाल्यावर मी म्हणालो, "बघ. तुझ्या मापाची."

ती म्हणाली, "छान झालीय."

त्यानंतर घराला दोनदा रंग लागला. दोन्ही वेळा तो पट्टा मी रंगवू दिला नाही. कुणी पाहुणा आला की मी त्याला तिथं उभं करायचो. हिचा हात इथं होता, बघा, आणि इथं गेला. ती तेवढ्यात चहाचं बघायला ओट्याकडे वळायची. मला वाटायचं, लाजते.

*

झोळी असताना वर्कशॉपातला पॉलिशवाला भेटायला आला. त्याला आम्ही सगळे चकाकी म्हणतो. तीस वर्षं आम्ही शेजारी शेजारी काम केलंय. दारातूनच तो म्हणाला, "काय रे, जन्मभर दुसऱ्यांचे सांधे बसवलेस आणि स्वतःचा निखळवून बसलास?"

लेकीला ते आवडलं नाही. मला बरं वाटलं. त्या दिवसांत सगळे माझ्याशी हळू आवाजात बोलत होते.

चहा होईपर्यंत तो इकडेतिकडे बघत राहिला. मग म्हणाला, "ते स्टूल कुठंय?"

मी कोपऱ्यात दाखवलं.

"तुझंच ना?"

"माझंच. उरलेल्या सागाचं."

"डुगडुगत असेल."

"माझं स्टूल?"

"वयानं डुगडुगतं रे. तू नाही डुगडुगत?"

आम्ही ते मधोमध आणून ठेवलं. मी डाव्या हातानं काटकोन बघायचा गुण्या लावून चारी पाय तपासले. चकाकी फरशीला गाल लावून पायांखालून उजेड दिसतो का ते बघत होता. पासष्टीचा माणूस, पोट सांभाळत, एक डोळा मिटून. उजेड कुठंच दिसत नव्हता. त्यानं वर बसून पाहिलं, मग उभं राहूनही पाहिलं. स्टूल हललं नाही.

"स्टुलाची चूक नाही," तो खाली उतरून म्हणाला.

"मग कुणाची?"

त्यानं चहा संपवला, कपाखालचा डाग स्वतःच्या रुमालानं पुसला आणि गेला.

*

तीन आठवड्यांनी झोळी निघाली. व्यायाम शिकवणाऱ्या मॅडम लेकीच्याच वयाच्या होत्या. आधी त्यांनी टेबलावर डावा हात टेकवून मला वाकायला लावलं आणि उजवा हात खाली सोडून घड्याळाच्या लंबकासारखा झुलवायला सांगितला. "तुम्ही हलवू नका काका, तो आपला आपण हलू दे." मी हलवत होतोच. आपोआप काही हलू देणं मला जमत नाही. काही दिवसांनी त्या म्हणाल्या, "आता भिंतीवर बोटं चढवायची. रोज खूण करा आणि कुठवर गेलं ते वहीत लिहा."

"माहीत आहे," मी म्हणालो.

"कुणाचं केलं होतं?"

"बायकोचं."

"मग काय, घरातच अनुभव आहे. किती दिवसांत बऱ्या झाल्या त्या?"

"एक्कावन्न," मी म्हणालो. वही घेतली आणि निघालो.

घरात भिंती पुष्कळ आहेत. पण मी दाराशेजारच्या त्याच पट्ट्यापाशी उभा राहिलो, तिच्या रेघांच्या वीतभर डावीकडे. उजव्या हाताची बोटं चढवायची आणि डाव्या हातानं रेघ मारायची. जन्मात मी वाकडी रेघ मारली नव्हती, ती आता मारली. पहिली रेघ माझ्या हनुवटीपाशी आली. शेजारी तिची सहावी-सातवी होती. तिची सरळ होती, कारण ती मी मारली होती.

दुसऱ्या दिवशी तीन सूत वर गेलो. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, आम्ही त्यातच मोजतो. तिसऱ्या दिवशी पाच. चौथ्या दिवशी हात हलेचना, रेघेवर रेघ आली. पाचव्या दिवशी दोन सूत खालीच गेला. मी भिंतीला कपाळ टेकवून उभा होतो. मागून लेक म्हणाली, "झालं का बाबा?"

तो शब्द आला की मी थांबतो. तेव्हाही थांबलो. तिला कळलं नाही. तिला वाटलं हात दुखतोय.

पुढच्या आठवड्यात लेक आपल्या घरी गेली. तिलाही घर आहे, मुलं आहेत. जाताना म्हणाली, "माझ्याकडे चला." मी म्हटलं, खांदा होऊ दे. ती गेल्यावर नऊ दिवस मी भिंतीपाशी गेलो नाही. सकाळी उठायचो, चहा करायचो, खुर्चीत बसायचो. समोर फळी दिसायची. तिच्यावर सात डबे, तिनं ठेवले तसेच, झाकणांच्या कड्या पुढे करून. त्यांतला कुठला तिला हवा होता? तिच्या हातात काही नव्हतं, फरशीवर काही सांडलं नव्हतं. काढायला चढली होती की ठेवायला, तेसुद्धा मला माहीत नव्हतं. आणि का चढली? पुरी रेघ तिथंच दिसत होती, फळीच्या चार बोटं वर.

दहाव्या दिवशी मॅडमकडे जायचं होतं. जाण्याआधी चहा पिता पिता मी वहीत नऊ दिवस भरून टाकले. रोज चार सूत. एवढ्या लहान मुलीची बोलणी कोण खाणार?

मॅडमनी आधी हाताचं माप घेतलं. मग वही उघडली, बघितली आणि हसल्या.

"काका, ही वही कधी लिहिली? आज सकाळी?"

"का?"

"चहाचा डाग पण ताजा आहे."

"रोज लिहिली."

"नाही हो काका. रोज चार, चार, चार, चार. खांदा असा चढत नाही. आज चढतो, उद्या अडतो, परवा उतरतो. असा जिन्यासारखा चढणारा खांदा मी अजून बघितलेला नाही. कुणी असं लिहून आणलं की मला लगेच कळतं, घरी काही केलेलं नाही. रागावत नाही मी. आज इथंच करून घेऊ."

त्या माझा हात धरून काहीतरी करत होत्या. मला ऐकू येत नव्हतं. मला घरी जायचं होतं.

*

घरी आलो आणि चपला न काढताच भिंतीपाशी गेलो. पोलादी फूटपट्टी घेतली.

पहिल्या अकरा रेघा, ज्या मी मारल्या होत्या. तीन सूत, सहा सूत, एक सूत. मग एक खाली गेलेली. मग पाच. अकरावी तिच्या डोळ्यांच्या उंचीला आली होती.

बारावीपासून पुढे चार सूत. पुन्हा चार. पुन्हा चार. मी प्रत्येक मोजली. चाळीस रेघा, वीस इंच, कुठं एका केसाचा फरक नाही. आठ वर्षं मी हे रोज बघत होतो. लाकडातला अर्ध्या सुताचा फरक मी नुसत्या डोळ्यानं सांगतो, अशी वर्कशॉपात माझी ख्याती आहे.

तिनं माप कशानं घेतलं असेल? फूटपट्टी तर मी परगावी बरोबर नेली होती. मी ओट्यावरच्या वस्तू एकेक करून लावून बघितल्या. चमचा, सुरीची मूठ, कपाचा कान. मग काडेपेटी घेतली आणि आडवी धरून दोन रेघांमध्ये बसवली. घट्ट बसली.

मला वरच्या रेघा डोळ्यांसमोर आणून बघायच्या होत्या, म्हणून कोपऱ्यातलं स्टूल डाव्या हातानं फरशीवरून ओढत आणलं आणि वर चढलो. जवळून बघितलं. खालची पहिली रेघ बारीक होती, नुकतं टोक केलेल्या पेन्सिलीची. वर वर रेघ जाड होत गेली होती, एकसारखी. मध्ये कुठंही पुन्हा टोक केलेलं नव्हतं. चाळीस दिवसांत कुणीही एकदा तरी पेन्सिल तासतो. या चाळीस रेघा एका बैठकीत मारलेल्या होत्या. एक हात काडेपेटी धरायला, एक हात पेन्सिलीला. उजवा जिथवर गेला तिथवर गेला असेल. त्यापुढे सगळं डाव्यानंच केलं असेल, काडेपेटी लावून, ठिपका देऊन, मग रेघ.

तेवढ्यात नुसतं लोटलेलं बाहेरचं दार धाडकन उघडलं.

वहिनी होत्या. पदर खांद्यावरून घसरलेला, जिना पळत चढल्यामुळे धापा टाकत होत्या. मला स्टुलावर बघून त्यांनी दाराची चौकट धरली.

"भाऊजी, स्टूल तुम्ही सरकवलंत?"

"हो."

"अहो, खाली उतरा आधी. एका हाताचे तुम्ही. हातातलं तसंच टाकून धावले मी. तोच आवाज."

मी उतरलो. त्या खुर्चीत बसल्या. मी पाणी दिलं.

"तोच आवाज म्हणजे?" मी विचारलं.

"रोजचा. तुम्ही कामाला गेलात की एकदा सरकायचं. आणि संध्याकाळी तुम्ही यायच्या आधी एकदा, जागेवर ठेवायला. आमच्या डोक्यावरच ना तुमचं स्वयंपाकघर. माझं घड्याळच होतं ते. स्टूल वाजलं की मी डाळ लावायची." त्यांनी पदर सावरला. "अजूनही त्या वेळेला माझे कान वर जातात."

"मला माहीत नव्हतं."

"हं."

"तिचा हात वर जात नव्हता?"

वहिनींनी पेला दोन्ही हातांत फिरवला. "नाकापर्यंत जायचा. त्याच्या वर नाही. केस विंचरताना मान खाली घालायची ती, बघितलं नाही का तुम्ही? डावा हात पोचायचा फळीला. पण भरलेला डबा एका हातानं कसा उतरवणार?"

"तुम्हाला आठ वर्षं माहीत होतं."

"आणि तुम्हाला माहीत नाही, हेही माहीत होतं. आता बोला मला काय बोलायचं ते."

मी त्यांच्या पेल्यात आणखी पाणी ओतलं. त्यांनीच पुढे सांगितलं.

"मी म्हटलं होतं तिला, सांगून टाक, काय खातात का ते? तर म्हणाली, परत आले की पुन्हा हात धरून वर करतील. मी रडणार, आणि मी रडले की त्यांचं तोंड एवढंसं होतं. दोन्ही नको. म्हणाली, बऱ्या झालेल्या बाईचा नवरा होऊ दे त्यांना. आणि काय हसली होती तेव्हा! काडेपेटी दाखवली मला. म्हणाली, सुताराची बायको आहे, माप चुकायचं नाही."

"आणि फळी?"

"फळीचं वाईट झालं. त्या दिवशी सांगणार होती. तोंडापर्यंत आलं होतं म्हणाली. पण तुम्ही म्हणालात, बघ, तुझ्या मापाची. मग राहिलं. नंतर एकदा-दोनदा विचारलंही ना तिनं तुम्हाला, जरा खाली घेता का म्हणून?"

विचारलं होतं. एकदा जेवताना, एकदा मी पेपर वाचत होतो तेव्हा. "अहो, ती फळी जरा खाली घेता का?" मी दोन्ही वेळा मान वर न करता म्हटलं होतं, "अगं, खुणेवर लावलीय. हात पोचतो की तुझा."

ती "बरं" म्हणाली होती.

वहिनी उठल्या. जाताना त्यांनी स्टूल उचललं, सरकवलं नाही, आणि कोपऱ्यात नेऊन ठेवलं.

*

त्यानंतर मी रोज व्यायाम केला. खरा केला आणि वहीत खरा लिहिला. दोन सूत, शून्य, सहा, उणे तीन. मॅडम खूश होत्या. "ही बघा, ही खरी वही," त्या म्हणाल्या. रोज रेघ मारून झाली की मी तिच्या अकराव्या रेघेवर बोटं ठेवायचो आणि तिथंच हात धरून राहायचो. इथून पुढे हात जात नाही असं समजून घरात काय काय करता येतं, ते बघायचो. दिव्याचं बटण दाबता येतं. कपाटाचा वरचा कप्पा नाही. दोरीवर कपडे टाकता येतात, पण फेकून. तिचे कपडे दोरीवर नेहमी वाकडे असायचे. मी त्यावरून तिची थट्टा करायचो.

साडेचार महिने लागले. माझा हात तिच्या पुऱ्या रेघेच्याही वर गेला, मी तिच्याहून उंच आहे. शेवटच्या दिवशी मॅडमनी हात सगळीकडून फिरवून बघितला, कागदावर सही केली आणि म्हणाल्या, "झालं काका. आता यायची गरज नाही."

मी खुर्चीतून उठलो नाही. त्यांनी दोनदा विचारलं, काही होतंय का? मी म्हटलं, "नाही. जरा बसतो." त्यांनी पुढच्या माणसाला बाहेर थांबायला सांगितलं.

आता मी कामावर जातो. हात बरा आहे, पावसाळी हवेत थोडा धरतो. लेक म्हणते, बाबा, तो भिंतीचा पट्टा एकदाचा रंगवून घ्या. चकाकी म्हणतो, मी येतो, दोघं मिळून रंगवू. मी दोघांनाही हो म्हणतो. पाहुणे आले तर मी आता त्यांना तिथं उभं करत नाही.

फळीसाठी मी नवी खूण केलीय, अकराव्या रेघेच्या चार बोटं खाली. गुण्या लावून, उजव्या हातानं, सरळ. दोन ब्रॅकेट आहेत, चार स्क्रू. काढायचे, खाली भोकं पाडायची, पुन्हा लावायचे. अर्ध्या तासाचं काम आहे. स्टूलही लागणार नाही, माझा हात पोचतो. अवजारांची पिशवी महिनाभर ओट्याखाली काढून ठेवलेली आहे. पण फळी काढायची तर आधी डबे उतरवावे लागतील, आणि ते सातही तिनं लावले तसे आहेत.

फळी अजून वरच आहे.